हलव्याला काटा येतो तेव्हा

शाळेत बत्तीस वर्षं मी मुलांना स्फटिकीकरण शिकवलं. मोरचुदाचं संपृक्त द्रावण करायचं, त्यात दोऱ्याला बांधून एक लहानसा खडा सोडायचा, भांडं खिडकीत ठेवायचं आणि आठवड्यानं निळाशार स्फटिक बाहेर काढून वर्गात फिरवायचा. मुलं डोळे मोठे करून बघायची. त्याच बत्तीस वर्षांत दर पौष महिन्यात माझ्या घरच्या स्वयंपाकघरात माझी पत्नी एका परातीत हजारो स्फटिक वाढवत होती. तिकडे मात्र मी कधी नीट पाहिलं नाही. संक्रांतीला वाटीत आलेला हलवा तेवढा खाल्ला.

हलवा म्हणजे गाजराचा किंवा दुधीचा नव्हे. मी बोलतोय ते तिळाच्या दाण्यावर साखरेचा पाक चढवून केलेल्या पांढऱ्याशुभ्र काटेरी हलव्याबद्दल. तिळगूळ देताना तो हातावर ठेवतात आणि त्याचेच दागिने करतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर नवी नवरी हलव्याचा हार, बाजूबंद, नथ, कमरपट्टा घालून बसते. लहान मुलांच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट आणि हातात हलव्याची बासरी असते. तारेतून साखर ओढून फुलं आणि हंस करणारे आचारी आपण हल्ली टीव्हीवर पाहतो आणि थक्क होतो. पण साखरेची शोभेची कलाकुसर आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या नातवाचं पहिलं बोरन्हाण होतं. मुलाच्या बोरन्हाणाला, म्हणजे पस्तीसेक वर्षांपूर्वी, सगळे दागिने पत्नीनं घरी केले होते. त्याचा फोटो अजून आहे. पण गेली चार वर्षं तिला संधिवात आहे. बोटांचे सांधे सुजलेले असतात, वेणी घालणंसुद्धा जमत नाही. सूनबाई सहज म्हणाली, ‘‘आई, तुळशीबागेत छान तयार दागिने मिळतात. घेऊन येऊ या?’’ पत्नी म्हणाली, ‘‘आण की.’’ आणि मग ती संध्याकाळभर फारसं बोललीच नाही.

रात्री मी म्हटलं, ‘‘अगं, तू सांग, मी करतो.’’ ती हसली. ‘‘अहो, तुम्हाला चहा करताना साखर किती घालायची ते विचारावं लागतं.’’ पण दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची जाड बुडाची परात तिनं मुलाकडून खाली काढून घेतली. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून ती बसली आणि माझी शाळा सुरू झाली.

पहिला धडा मापाचा. मी उत्साहानं वाटीभर तीळ घेतले. ‘‘दोन चमचे घ्या,’’ ती म्हणाली. एवढेच? त्यावर तिचं उत्तर मला वर्गात सांगता आलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. ‘‘हलव्यात दाणे वाढत नाहीत, दाणा वाढतो.’’ अगदी बरोबर. पाकातली साखर जितक्या दाण्यांवर वाटली जाईल, तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी थर येणार. वाटीभर तीळ घेतले असते तर चार दिवस हात फिरवूनही पांढुरके तीळच उरले असते. तेव्हा नवशिक्यानं दोन चमचे तीळ निवडून, चाळून, मंद आचेवर जेमतेम गरम करून घ्यावेत. तिळाऐवजी खसखस घेतली तर हलवा बारीक होतो. दागिन्यांना मोठा दाणा हवा असेल तर साबुदाणा किंवा मगज बी घेतात.

दुसरा धडा पाकाचा. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घालून उकळायचं. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं. दुधातली प्रथिनं उष्णतेनं गोठतात आणि साखरेतला बारीक मळ आपल्यात धरून वर येतात. ती मळी झाऱ्यानं काढून पाक गाळून घ्यायचा. पाक स्वच्छ नसेल तर हलवा शुभ्र होत नाही. मग पाक एकतारी करायचा, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब धरून बोटं अलगद लांब केली की एक बारीक तार दिसली पाहिजे.

मी विज्ञानाचा माणूस. मुलानं मागवलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन मी शेगडीशी उभा राहिलो. पत्नी म्हणाली, ‘‘पाकाला ताप आलाय का?’’ एकतारी पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साधारण चार-पाच अंश वर उकळतो. पुस्तकात त्यासाठी १०४ ते १०५ अंश सेल्सियस असा आकडा दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आकड्याच्या मागे लागलो असतो तर पाक जास्त घट्ट झाला असता. बोटांमधली तार मात्र मुंबईत आणि महाबळेश्वरात सारखीच दिसते. थर्मामीटर मी मुकाट्यानं खिशात ठेवला.

आता या पाकात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. २० अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात ती पावणेपाचशे ग्रॅमच्याही वर जाते. म्हणजे गरम पाक थंड होऊ लागला, किंवा त्यातलं पाणी उडून जाऊ लागलं, की पाण्याला न पेलणारी साखर बाहेर पडायला बघते. पण बाहेर पडून बसायचं कुठे? तिला आधार लागतो. मोरचुदाच्या द्रावणात जे काम दोऱ्याला बांधलेला खडा करतो, तेच काम परातीत तीळ करतो. पहिला थर तिळावर बसला की दुसऱ्या थराला साखरेचाच आधार मिळतो आणि मग साखर साखरेवर चढत जाते. शर्करा या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी बारीक खडे, वाळू. खडे धरणं हा साखरेचा स्वभाव आहे.

एवढं सगळं ठाऊक असूनही माझी पहिली मोठी चूक रसायनशास्त्रातलीच झाली. अर्ध्या तासात वाटीतला पाक कडेनं साखरू लागला. मला आठवलं, गुलाबजामच्या पाकात लिंबाचे थेंब टाकले की पाक साखरत नाही. मी पत्नीला न विचारता लिंबू पिळलं. पाक छान काचेसारखा राहिला. पण परातीतले दाणे वाळेचनात. तास झाला, दोन तास झाले, सगळे तीळ एकमेकांना आणि माझ्या बोटांना चिकटलेले. शेवटी तिनं विचारलं, ‘‘काही घातलंत का?’’

लिंबातलं आम्ल गरम पाकातल्या काही साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे दोन पाहुणे साखरेच्या रांगेत मध्येमध्ये घुसले की स्फटिकाची शिस्तशीर रचना होत नाही. शिवाय फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेतं. टीव्हीवरच्या त्या आचाऱ्यांना हेच हवं असतं. ते साखर १५० अंशांच्या आसपास नेतात, तिच्यात ग्लुकोज किंवा थोडं आम्ल घालतात, कारण त्यांना स्फटिक नको, काच हवी असते. पारदर्शक, ओढता येणारी. आपल्या हलव्याचं नेमकं उलट. आपल्याला काच नको, काटा हवा. म्हणून हलव्याच्या पाकात लिंबू घालायचं नाही. वाटीतला पाक साखरू लागला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा गरम करून एकतारीवर आणायचा, इतकंच. दहावीच्या मुलांना हे फळ्यावर लिहून देणाऱ्या माणसानं दोन चमचे तीळ आणि एक अख्खी सकाळ वाया घालवली.

तिसरा धडा आचेचा, आणि तो सर्वांत कठीण. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राखेचा थर पसरून त्यावर परात ठेवत. आमच्याकडे आता गॅस. त्यावर आधी जाड तवा आणि तव्यावर परात, आच अगदी बारीक, तीही मध्येमध्ये बंद करायची. परातीच्या तळावर तळहात टेकवता आला पाहिजे, पण फार वेळ ठेवावासा वाटू नये, इतपत ऊब. तिळावर अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलकेच गोल गोल फिरवत राहायचं. दाणे पूर्ण सुटे आणि कोरडे झाले की पुन्हा अर्धा चमचा. शेजारी ओलं फडकं ठेवायचं, बोटांना साखर चिकटली की पुसायची, पण ओली बोटं तशीच परातीत घालायची नाहीत.

मला घाई झाली. अर्ध्या चमच्याऐवजी दोन चमचे पाक ओतला, तर दाण्यांचे लाडू झाले. ते सोडवताना थर उडाले. मग वाळावं म्हणून आच वाढवली, तर पाणी इतकं भराभर उडालं की साखर दाण्यावर बसण्याऐवजी परातीतच पिठी होऊन पडली. दाणे गुळगुळीत, परातीत पीठच पीठ. पिठी चाळून काढावी लागते, परात ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा कोरडी करावी लागते. ती पिठी वाया जात नाही, पुढच्या पाकात घालता येते. पण दिवस वाया जातो.

‘‘वाळलं कधी ते कळायचं कसं?’’ मी वैतागून विचारलं. ती म्हणाली, ‘‘मला इथून कळतंय. पुढचा चमचा तुम्ही फार लवकर घालता.’’ खुर्चीवरून तिला परातीचा तळसुद्धा दिसत नव्हता. ‘‘आवाज ऐका,’’ ती म्हणाली. मग ऐकू आलं. पाक घातल्यावर दाणे मुके होतात. थोड्या वेळानं ओलसर सळसळ सुरू होते. आणि पूर्ण वाळले की परातीत बारीक खुळखुळा वाजावा तसा आवाज येतो. तो खुळखुळा वाजला की पुढचा अर्धा चमचा. हे कुठल्याच पाककृतीत मी वाचलं नव्हतं. तिनंही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण स्वतः करताना तिला ते सांगावं लागतच नव्हतं. हात बोलायचे.

त्यानंतर रोज सकाळी दोन तास, आवाज ऐकत. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी मोहरीपेक्षा मोठे, पण गुळगुळीत. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि दाणे वाळेनात. पत्नी म्हणाली, आज राहू दे. साखरेला कोरडी थंड हवा लागते. पौषातली थंडी आणि हा हलवा यांची जोडी उगीच नाही. दाणे पातळ कापडाखाली झाकून ठेवले. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि त्या दिवशी दहा वाजता मी दाणा उचलून चष्म्याखाली धरला, तर अंगावर बारीक बारीक टोकं आलेली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मोरचुदाच्या खड्यानं मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

काटा येतो कशामुळे? परातीच्या तळाला पाकाचा पातळ पापुद्रा असतो. त्यात दाणा लोळतो तेव्हा त्याचा थोडासा उंचावलेला भाग आधी पाकाला लागतो. तिथे पाक चिकटतो, ऊब लागून तिथेच वाळतो, आणि तो उंचवटा आणखी उंच होतो. उंच झाला म्हणून पुढच्या फेरीत त्यालाच पुन्हा आधी पाक मिळतो. खळग्यापर्यंत तो फारसा पोचत नाही. असं शंभर वेळा झालं की काटा. म्हणूनच पाक थोडा हवा; जास्त ओतला की तो खळगेही भरून टाकतो आणि दाणा गुळगुळीत राहतो. आणि म्हणूनच बोट हलकं हवं. जोरानं चोळलं की आलेला काटा मोडतो.

गंमत म्हणजे हेच कोडं जपानमध्ये एका नामवंत पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाला पडलं होतं. तिथे ‘कोन्पेइतो’ नावाची साखरेची खडबडीत चांदणीसारखी गोळी मिळते. पोर्तुगीजांच्या ‘कॉन्फेइतो’ या मिठाईवरून ते नाव आलं. लुईश फ्रॉइश या पोर्तुगीज धर्मोपदेशकानं १५६९ साली ओदा नोबुनागा या सेनानीला ती काचेच्या बाटलीतून भेट दिली होती, अशी नोंद आहे. तिरप्या, तापलेल्या, फिरत्या मोठ्या कढईत साखरेच्या कणांवर थोडा थोडा पाक घालत ती दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त दिवस फिरवतात. तोराहिको तेरादा या शास्त्रज्ञानं त्या गोळीला टोकं का येतात यावर विचार करून लिहून ठेवलं आहे. माझ्या घरात जी व्यक्ती हे दर पौषात करून दाखवत होती, तिला मात्र मी एकदाही ‘का’ म्हणून विचारलं नव्हतं.

संक्रांत तोवर होऊन गेली होती. वाटीत यंदा विकतचाच हलवा होता. पण बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं, त्यामुळे आम्हाला दिवस मिळाले. तिळाचा एक घाणा आणि साबुदाण्याचा एक घाणा झाला. शेवटच्या काही चमच्यांत केशर घालून थोडा हलवा पिवळा केला.

दागिन्यांचा धडा छोटा आहे. हलव्याच्या दाण्याला भोक पाडायला गेलं की तो फुटतो. दाणा दोऱ्याच्या गाठीत धरायचा असतो; काट्यांमुळे दोरा निसटत नाही. अशी गाठींची माळ झाली की ती तारेवर गुंडाळून वाळे, बांगड्या करता येतात. मुकुट, बाजूबंद यांसाठी पुठ्ठ्यावर काळं कापड ताणून त्यावर डिंकानं दाणे बसवतात. मात्र डिंक लावलेला हलवा नंतर खायचा नाही, आणि खायचा हलवा वेगळा काढून ठेवायचा. दागिने घट्ट डब्यात ठेवावेत, नाहीतर मुंग्या आपल्या आधी बोरन्हाण उरकतात. बाळाच्या अंगावर ते थोडाच वेळ ठेवावेत. घामानं साखर चिकचिकते, आणि दाणा तोंडात गेला तर घशात अडकू शकतो. म्हणून फोटो होईपर्यंत कुणीतरी एकजण बाळाच्या हातांवरच लक्ष ठेवून असलेला बरा.

शेवटच्या रात्री सूनबाई ऑफिसातून आली आणि पदर खोचून माझ्या शेजारी बसली. ‘‘बाबा, सरका. आई, आवाज म्हणजे नक्की कसा?’’ पत्नी म्हणाली, ‘‘थांब, आत्ता मुके आहेत.’’ तिघंही गप्प बसलो. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली. मग सळसळ झाली, आणि मग खुळखुळा. ‘‘हा!’’ सूनबाईच आधी म्हणाली. पत्नीनं मान हलवली.

बोरन्हाण थाटात झालं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा सगळं डोक्यावरून ओतलं, आणि बिल्डिंगमधल्या पोरांनी ते मिनिटभरात लुटलं. बाळानं बासरी लगेच मोडली आणि हार ओढून तोडला. दाणे सतरंजीभर पसरले. ते गोळा करताना पत्नीनं एक उचलला. तिच्या वाकड्या बोटांत तो नीट धरता येईना, म्हणून तळहातावर घेऊन खिडकीशी नेला आणि उजेडात बराच वेळ पाहिला.

मी वाट पाहत उभा होतो, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा.

‘‘काटा जरा बोथट आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वर्षी आच अजून कमी ठेवा.’’